फवारणीआधीची दहा मिनिटे



विहिरीतला गाळ काढायला माणूस उतरवायचा असला, की आपली जुनी माणसे आधी दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडत. कंदील विझला तर त्या दिवशी विहिरीत कोणी उतरत नसे. ज्वारीचे पेव उघडले, की तोंड मोकळे करून बराच वेळ तसेच राहू देत. घाईने आत उतरायला निघालेल्याला घरची म्हातारी शिव्या घाली. कडब्याची पेंढी उचलण्याआधी काठीचे दोन दणके, गाडी जुंपण्याआधी चाकाच्या खिळीवर एक नजर. हे सगळे कोणी वर्ग भरवून शिकवले नव्हते. कामाला हात घालण्याआधी ‘यात जिवावर बेतेल असं काय आहे’ ते बघायचे, एवढी ती रीत होती. (कंदिलाने हवेत प्राणवायू कमी असल्याचे कळते, सगळेच विषारी वायू कळत नाहीत. तेव्हा आज नुसत्या कंदिलाच्या भरवशावर कोणी विहिरीत उतरू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

फवारणीच्या वेळी मात्र ही रीत आपण पार विसरतो. पंप भरला, पाठीवर घेतला, निघाले. मला वाटते याचे एक कारण आपल्या बोलण्यातच आहे. आपण त्याला ‘औषध’ म्हणतो. ‘उद्या तुरीला औषध मारायचं आहे.’ औषधाला कोण भिणार? साप दिसतो, विहिरीची खोली दिसते, मळणी यंत्राचा पट्टा फिरताना दिसतो. हे दिसत नाही. उलट पाण्यात टाकले की दुधासारखे पांढरे होते.

या लेखात मला एकच गोष्ट मागायची आहे. पंप पाठीवर चढण्याआधी धुऱ्यावर दहा मिनिटे थांबा. आणि फवारणीला मजूर लावला असेल तर ती दहा मिनिटे वावराच्या मालकाने स्वतः द्यावीत. मजुराच्या माथी ती मारू नयेत.

२०१७ साल आठवा. त्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात दाखल करावे लागले. विदर्भाच्या इतर जिल्ह्यांतूनही तशाच बातम्या आल्या. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबरात प्रोफेनोफॉस अधिक सायपरमेथ्रिन, फिप्रोनिल अधिक इमिडाक्लोप्रिड, ॲसिफेट, डायफेंथियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस या पाच कीटकनाशकांवर काही जिल्ह्यांत काही काळापुरती बंदी घातली गेली. पुढे २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के हे द्रावणच बंद करण्याचा आदेश काढला. कोणाच्या कोठ्यात त्याची जुनी बाटली अजून असेल तर ती वापरू नका.

बंदी आली, चौकशी झाली, पेपरात रकाने भरून आले. पण त्या वावरांत नेमके काय झाले होते, ते आपण नीट समजून घेतले का? त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती, काही ठिकाणी त्याहून उंच. ओळी एकमेकींत मिसळलेल्या, आत वारा नाही, वर दमट ऊन. बोंडअळीच्या धास्तीने फवारण्यांवर फवारण्या चाललेल्या. दोन-दोन, तीन-तीन औषधे एका पंपात. हातात नवे बॅटरीचे पंप, त्यांचा तुषार जुन्या हातपंपापेक्षा बारीक. आणि तोच मजूर आज याच्या वावरात, उद्या त्याच्या, असे सलग कित्येक दिवस. यातली एकेक गोष्ट घेतली तर नवी नव्हती. सगळ्या एका वर्षी, एका वावरात, एका माणसाच्या अंगावर आल्या. आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट धुऱ्यावर उभे राहून डोळ्यांना दिसण्यासारखी होती. पिकाची उंची दिसते. वारा पडलेला कळतो. पंपात किती बाटल्या ओतल्या ते ओतणाऱ्याला माहीत असते.

तुम्ही म्हणाल, ‘साहेब, आमच्या मेहकर तालुक्यात आता सोयाबीनच जास्त, सोयाबीन गुडघ्याएवढं, आम्हाला काय भीती?’ खरे आहे. पण सोयाबीनमध्ये तूर आहे ना? सोयाबीनची सोंगणी झाल्यावर जी तूर उभी राहते, ती फुलोऱ्यात येईस्तोवर माणसाच्या वर जाते. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी आपण तिच्यात शिरतो आणि नळी वर धरून, डोक्याच्या वर फवारतो. तो तुषार खाली येतो तो आपल्याच टोपीवर, मानेवर, खांद्यावर. यवतमाळची पऱ्हाटी आणि जानेफळची तूर यांत माणसाच्या नाकाच्या हिशेबाने काही फरक नाही.

आता माझ्या स्वतःच्या चुकीचे सांगतो. गेल्या काही वर्षांतलीच गोष्ट आहे, जानेफळ शिवारातली. गाव लहान, म्हणून नावे देत नाही. सकाळी दहाच्या सुमारास मी मोटारसायकलने एका पाणंदीने जात होतो. तुरीत एक बावीस-तेवीस वर्षांचा गडी फवारत होता. अंगात बनियन, तोंडाला काही नाही. मी गाडी थांबवली, ओरडून म्हटले, “अरे बाबू, तोंडाला रुमाल तरी बांध!” तो हसला, म्हणाला, “काही नाही होत साहेब, चार वर्षं झाली फवारतो.” तरी गळ्यातला शेला त्याने तोंडाला गुंडाळला. माझे समाधान झाले. मी पुढे गेलो, त्या दिवशी पीक कापणी प्रयोग होता.

त्या रात्री त्याला मळमळ सुरू झाली, घामाने अंथरूण भिजले, तोंडातून लाळ. घरच्यांना वाटले ऊन लागले. कांद्याचा रस झाला, लिंबूपाणी झाले. पहाटे भावाने गाडीवर मधे बसवून दवाखान्यात नेले. तिथे डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला: कोणते औषध होते? कोणालाच माहीत नाही. दुकानातून दोन बाटल्या आणि एक पुडी आणली होती, ती सकाळीच एका डबकीत एकत्र केली आणि बाटल्या नाल्यात फेकल्या होत्या. मालकाला फोन लावला तर त्याला एकाचेच नाव आठवले, तेही अर्धे.

पोरगा वाचला. चार दिवस दाखल होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची माय म्हणाली, “साहेब, तुम्ही सांगितल्यासारखा त्यानं तोंडाला बांधला होता हो फडका.” मी काय बोलणार?

नंतर मी तो पंप बघितला. झाकणाचे वायसर फाटलेले. प्रत्येक पावलाला थोडे-थोडे द्रावण झाकणातून बाहेर येऊन पाठीवरून खाली, कमरेत, जांघेत उतरत होते. वीस पंप होईपर्यंत त्याची पँट ओली होती आणि त्याला वाटत होते घाम आहे. विष तोंडाने गेलेच असेल तर थोडे. बहुतेक पाठीने आणि जांघेने गेले. मी रस्त्यावरून त्याच्या तोंडाकडे बघून सल्ला दिला आणि धोका त्याच्या पाठीवर होता. गाडीवरून उतरून पाच मिनिटे पंपाकडे बघितले असते, तर दिसले असते.

आमच्या पदविकेच्या अभ्यासक्रमात औषधांची नावे, प्रमाणे, किडींच्या अवस्था यांनी वह्या भरल्या होत्या. ‘घ्यावयाची काळजी’ हा मुद्दा धड्याच्या शेवटी, दोन गुणांचा. तो आम्ही पाठ केला: हातमोजे, गॉगल, मुखपट्टी, गमबूट. नोकरीत आल्यावर तेच शेतकऱ्यांना म्हणून दाखवले. सुरक्षा किट वाटले, फोटो काढले. किट घराघरांत खुंटीला आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात ते प्लास्टिक अंगावर चढवून कोणी दोन तास टिकत नाही, हे वाटणाऱ्यालाही ठाऊक असते. किट वाईट नाही, वापरलेच पाहिजे. पण ते शेवटचे कुंपण आहे आणि आपण सुरुवातच तिथून करतो. धोका आधी मुळातून कमी करायचा, जो उरेल त्याला मुखपट्टीने अडवायचे, असा क्रम हवा.

म्हणून धुऱ्यावरचा पहिला प्रश्न हा, की आज फवारायचे आहे का? शेजाऱ्याने मारले म्हणून आपण मारतो. दुकानदाराने सांगितले म्हणून मारतो. तुरीत कामगंध सापळे लावा. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग येऊ लागले तर फवारणीचा विचार करा. सोयाबीनमध्ये मीटरभर ओळीत पाने खाणाऱ्या लहान अळ्या तीन-चार दिसल्या तर मग पंप काढा. कळी लागताना पाच टक्के निंबोळी अर्क घेतला आणि पक्षी बसायला काड्या रोवल्या, तर पुढची एखादी फवारणी टळूही शकते. जी फवारणी झालीच नाही, तिने कोणाला विषबाधा होत नाही. पैसे वाचतात ते वेगळे.

फवारायचेच ठरले तर बाटली हातात घ्या आणि तिच्यावरचा त्रिकोण बघा. वाचता येत नसले तरी रंग कळतो. लाल म्हणजे अति जहाल, त्यावर कवटीचे चित्र असते. त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सगळ्यांत सौम्य हिरवा. त्याच किडीला हिरव्या किंवा निळ्या त्रिकोणाचे औषध शिफारशीत असेल, तर लाल-पिवळ्याकडे जायचे कारण काय? ‘जहाल तेवढं लागू’ ही समजूत फार जुनी आहे. दुकानात हक्काने विचारा: माझ्या पिकासाठी आणि या किडीसाठी हे लेबलवर लिहिलेले आहे का? पक्के बिल घ्या. हिरवा त्रिकोण म्हणजे सरबत नव्हे, एवढे मात्र लक्षात ठेवा.

आणि एकत्र करणे थांबवा. एक अळीचे, एक रसशोषक किडीचे, एक बुरशीचे, वर एक टॉनिक ‘फुकट’. लेबलवर मिसळायला सांगितलेले नसेल तर मिसळू नका. त्या मिश्रणाचे माणसावर काय होते ते कोणी तपासलेले नसते, आणि माणूस पडला तर डॉक्टरांपुढे कोडे उभे राहते. पेट्रोलवरच्या पॉवर पंपाचे आणखी वेगळे. त्याला एकरी पाणी कमी लागते, म्हणून टाकीमागे औषध साध्या पंपाच्या तिप्पट घ्यायला सांगतात. म्हणजे त्याच्या धुक्यात विषही तिप्पट दाट असते. उंच तुरीत पॉवर पंप घेऊन शिरण्याआधी याचा विचार करा. बॅटरी पंपाला प्रमाण साध्या पंपाचेच.

यानंतर पंप. हे मी सगळ्यांत आग्रहाने सांगतो, कारण याला खर्च नाही. औषध घालण्याआधी पंप कोऱ्या पाण्याने भरा. झाकण लावा, पाठीवर घ्या, धुऱ्यावर पन्नास पावले चाला, नळी चालवून बघा. मग पंप उतरवा आणि पाठीवर हात फिरवा. पाठ ओली लागली तर तो पंप आज वावरात जाणार नाही. झाकणाचे वायसर, नळीचा सांधा, चावी, पट्टा, सगळे या पन्नास पावलांत कळते. नोझल तुंबलेले असेल तर तेही इथेच कळते. एरवी ते तुरीच्या मधोमध तुंबते आणि मग माणूस ते तोंडाला लावून फुंकतो. फुंकू नका. गवताची काडी किंवा जुना दात घासायचा ब्रश खिशात ठेवा.

पाठीवर इतका जोर का, त्याचे कारण सांगतो. पॅराथिऑन नावाच्या कीटकनाशकावर पूर्वी माणसांवर प्रयोग झाले होते, अंगाच्या कोणत्या भागातून ते किती शिरते याचे. कोपरापुढच्या हाताच्या मानाने कपाळातून चौपट आणि डोक्याच्या कातडीतून पावणेचारपट शिरले. जांघेत, वृषणाच्या कातडीतून जवळजवळ बारापट. गळका पंप नेमका तिथेच ओघळतो. म्हणून पाठ आणि पंप यांच्यामध्ये प्लास्टिकचा कापड बांधा, तो कमरेखाली येऊ द्या. पूर्ण किट अंगावर सहन होत नसेल त्या उकाड्यातही एवढे तरी सहन होते. डोक्याला टोपी, अंगात जाड सुती पूर्ण बाह्यांचा सदरा. बनियनवर फवारायला जाऊ देऊ नका.

सगळ्यांत जहाल वेळ कोणती? बाटलीचे झाकण उघडून औषध ओततानाची. त्या वेळी ते पाण्यात मिसळलेले नसते. रबरी मोजे आणि गॉगल निदान त्या दोन मिनिटांसाठी तरी लागलेच पाहिजेत. आणि टाकीतले द्रावण हाताने ढवळू नका, काडीने ढवळा. आपल्याकडे नाल्यावरून पाणी आणून देणाऱ्या बाया बऱ्याचदा तोच हात घालून ढवळतात, त्याच हंड्यात संध्याकाळी घरी पाणी नेतात. पंप त्यांच्या पाठीवर नसतो, म्हणून त्यांची मोजदाद कोणी करत नाही. फवारणीच्या पाण्याचा हंडा-बादली वेगळी ठेवा.

वारा बघायला यंत्र लागत नाही. चिमूटभर कोरडी माती सोडा किंवा तुरीचे शेंडे बघा. वारा जिकडे जातो त्या टोकाकडून सुरुवात करा आणि ओळीमागून ओळ वाऱ्याच्या अंगाला सरकत जा, म्हणजे फवारलेला भाग कायम तुमच्या वाऱ्याखाली राहील. वारा अगदीच पडलेला आणि उकाडा असेल तर उंच पिकात शिरू नका. धुके तिथेच तरंगत राहते. सकाळी लवकर किंवा चारनंतर. भर दुपारी अंग घामाने भिजलेले असते, तोंडाने श्वास चालतो आणि अंगावरचे सगळे नकोसे होते.

मग माणूस. त्याने काही खाल्ले आहे का? हातापायाला जखम आहे का? काल फवारणीनंतर डोके दुखले होते का? दुखले असेल तर आज त्याला दुसरे काम द्या. अठरा वर्षांखालच्या पोराच्या, गरोदर बाईच्या हाती पंप देऊ नका. तंबाखूची पुडी धुऱ्यावर काढून ठेवायला लावा. तंबाखू चोळणारा तळहात आणि औषध ओतणारा तळहात एकच असतो. धुऱ्यावर बादलीभर स्वच्छ पाणी आणि साबणाची वडी आधी ठेवा, मग काम सुरू. आणि एकट्या माणसाला उंच तुरीत सोडू नका. तो आत पडला तर वरून दिसतही नाही.

हे सगळे वाचायला लांब वाटते. मी घड्याळ लावून बघितले आहे, दहा मिनिटांत होते, पहिल्या दिवशी पंधरा.

पण ही दहा मिनिटे मजूर देणार नाही, आणि त्याचे कारण त्याचा आळस किंवा अडाणीपणा नाही. आपण त्याला पंपामागे पैसे देतो. जितके पंप तितके रुपये. अशा हिशेबात कोऱ्या पाण्याने पंप तपासणे म्हणजे त्याचा एक पंप बुडाला. वारा उलटला म्हणून थांबणे म्हणजे दोन बुडाले. हात धुऊन भाकर खाणे म्हणजे अर्धा. जो दर आपण लावला आहे, तोच त्याला घाईत ढकलतो. फवारणीची मजुरी दिवसाने, किंबहुना अर्ध्या दिवसाने द्या, आणि एका माणसाकडून रोज तीन-चार तासांच्या वर फवारणी घेऊ नका. यावर एका बुजुर्ग शेतकऱ्याने मला सुनावले, “साहेब, तुमचा पगार महिन्याचा आहे म्हणून सुचतं हे.” त्यांचे म्हणणे मी खोटे म्हणत नाही. मजूर मिळत नाही, पाऊस उघडीप देत नाही, अळी थांबत नाही. पण ज्याच्या वावरात काम चालले आहे, त्यालाच थांबवण्याचा अधिकार आहे. मजुराला तो नाही.

कायदाही याच अंगाचा आहे. कीटकनाशके नियम, १९७१ मध्ये कीटकनाशक हाताळणाऱ्या आणि फवारणाऱ्या माणसाला पुरेसे संरक्षक कपडे असले पाहिजेत असे लिहिले आहे. पन्नास वर्षांहून जुना नियम आहे. आपल्या शिवारात तो किती वावरांत पोचला, ते तुम्हीच सांगा.

आणखी एक गोष्ट, जी मला बोचते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना विषबाधा होऊन खातेदार शेतकरी दगावला तर त्याच्या वारसांना दोन लाख रुपये मिळतात. खातेदाराच्या कुटुंबातल्या एका सदस्यालाही हे संरक्षण आहे. अर्ज तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. चांगली योजना आहे, तिचे कागद मी स्वतः अनेकांचे करून दिले आहेत. पण तिचे दार सातबारावरून उघडते. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, जो दुसऱ्याच्या वावरात पंप घेऊन फिरतो, त्याच्यासाठी ते उघडत नाही. म्हणजे फवारणीत ज्याचे अंग सगळ्यांत जास्त भिजते, तोच बाहेर. तो पोरगा त्या रात्री गेला असता, तर त्याच्या मायसाठी मी कोणता अर्ज भरला असता? फवारणी करणाऱ्या भूमिहीन मजुराला या योजनेत घेतले पाहिजे, असे माझे मत आहे आणि ग्रामसभांनी तसे ठराव करून वर पाठवावेत.

तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, सरपंच या मंडळींना (नवी पदनामे काहीही असोत, गावात हीच नावे चालतात) माझी विनंती आहे. फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी गावात पंप घेऊन मजुरीने फवारणारे कोण कोण आहेत, त्यांची यादी करा. मोठ्या गावातही ही नावे बोटांवर मोजण्यासारखी निघतात. त्यांना एकदा आरोग्य केंद्रात नेऊन तपासून घ्या. आरोग्य केंद्रात ॲट्रोपिनची इंजेक्शने पुरेशी आहेत का, हे जुलैतच विचारा. माणूस खाटेवर असताना विचारण्यात अर्थ नाही. रिकाम्या बाटल्या नाल्यात, विहिरीत जाणार नाहीत याची काही व्यवस्था ग्रामपंचायतीने करावी. बाटलीला भोक पाडून मगच टाकावी, नाहीतर ती तेलासाठी घरात परत येते.

एवढे करूनही कोणाला त्रास झालाच, तर खुणा ओळखा. डोके दुखणे, मळमळ, अंधुक दिसणे, तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम, छाती भरणे, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे. ऊन लागल्यासारखेच वाटते, इथेच आपण फसतो. ज्याने त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी फवारले आहे, त्याला ऊन लागले असे समजूच नका. त्याला वावराबाहेर आणा, भिजलेले कपडे काढा, साबणाने अंग आणि केस धुवा, पण स्वतःच्या हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालून. कुशीवर झोपवा. दूध, ताक, लिंबू, कांद्याचा रस काहीही पाजू नका, उलटी काढायला लावू नका. १०८ ला फोन करा. गाडीत माणसाबरोबर बाटली गेलीच पाहिजे. ती फुटकी असली तरी, नुसते लेबल असले तरी. सेंद्रिय फॉस्फरसच्या गटातल्या औषधांवर ॲट्रोपिनचा उतारा आहे, काहींवर खास उतारा नाहीच. कोणते औषध ते कळल्याशिवाय डॉक्टरांनी काय करायचे? दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये विषबाधेची माहिती देणारे केंद्र आहे, त्याचा निःशुल्क फोन १८०० ११६ ११७. डॉक्टरांनाही तो उपयोगी पडतो. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर तो रंगवून घ्यावा.

तो पोरगा अजूनही फवारतो. दुसरे काम त्या दिवसांत मिळत नाही. पण आता आधी पाणी घालून पंप चालवून बघतो आणि पाठीला युरियाची धुतलेली पिशवी बांधतो, तिला त्याने खांद्यावरून दोन नाड्या लावल्या आहेत. हे त्याने स्वतःच काढले, मी शिकवले नाही. त्याच्या मालकाने यंदा मजुरी अर्ध्या दिवसाने ठरवली. दोन शेजाऱ्यांनी ‘तू भाव बिघडवतोस’ म्हणून त्याच्याशी वाद घातला, हेही खरे.

येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी नऊपासून मी जानेफळ ग्रामपंचायतीसमोर बसणार आहे. ज्यांचे पंप गळतात त्यांनी ते घेऊन यावेत. पंप रिकामे, साबणाने धुऊन आणावेत. झाकणाची वायसरे आणि नळीचे सांधे मी मेहकरहून आणतो, जी किंमत पडेल तेवढीच द्यायची. पंप दोनच प्रकारचे असतात असे मला वाटायचे, पण वायसरे निदान पाच मापांची निघतात. तेव्हा जुने, फाटलेले वायसर सोबत आणायला विसरू नका.